धनकवडीतल्या पोळीभाजीवाल्या काकू: व्हेंटिलेटरनंतरच्या रिहॅबची एक केस

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि नाव देत नाही, आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणायचो, तेच इथे चालू ठेवते. मी फिजिओ, घरी जाऊन ट्रीटमेंट देते. ही केस लिहायचं कारण म्हणजे व्हेंटिलेटरवरून घरी आलेल्या पेशंटचे नातेवाईक फोन करून पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात, "फुप्फुसाचे व्यायाम शिकवाल का?" शिकवते की, पण त्यानं काम भागत नाही, आणि का भागत नाही ते काकूंच्या केसमध्ये जेवढं स्वच्छ दिसलं तेवढं क्वचित दिसतं.

काकू ४९ वर्षांच्या, पुण्यात धनकवडीत जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. घरातूनच पोळीभाजीचे डबे चालवतात, गिऱ्हाईक म्हणजे भारती विद्यापीठाची रूम घेऊन राहणारी पोरं आणि आजूबाजूची नोकरी करणारी जोडपी, दिवसाला दीडशेच्या वर पोळ्या आणि हाताखाली एक बाई. काका एका बँकेत शिपाई, मुलगा डिप्लोमाला. आधीचं दुखणं म्हणजे थायरॉईडची गोळी तेवढी, वजन ६८. दमा नाही, बीपी नाही, तंबाखू-मशेरी काही नाही.

ऑगस्टअखेर ताप, खोकला, अंगदुखी सुरू झाली. गणपती तोंडावर, मोदकांच्या ऑर्डरी घेतलेल्या, त्यामुळे चार दिवस तापाच्या गोळ्यांवर ओढले. पाचव्या दिवशी बाथरूमपर्यंत जाताना धाप लागली, हॉस्पिटलात नेलं तेव्हा रक्तातला ऑक्सिजन ८२ टक्के. टेस्टमध्ये एच१एन१. पुण्याला हे नाव नवीन नाही, २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू इथेच झाला होता आणि नायडू हॉस्पिटलबाहेर टेस्टसाठी लागलेल्या रांगा, तोंडाला रुमाल बांधून फिरणारं शहर अजून लोकांच्या डोळ्यापुढे आहे. आता तो दर पावसाळ्यात येऊन जाणारा फ्लू झालाय, बहुतेकांना आठवड्यात बरं वाटतं, काकूंना नाही वाटलं. न्यूमोनियाचं एआरडीएस झालं, म्हणजे दोन्ही फुप्फुसांत पाणी आणि सूज इतकी की मशीनशिवाय ऑक्सिजन रक्तात जाईना. १६ दिवस व्हेंटिलेटर, त्यात काही दिवस स्नायू शिथिल ठेवायची औषधं, पालथं झोपवणं, स्टिरॉइड, मधेच शुगर वाढली म्हणून इन्सुलिन. एकूण २७ दिवसांनी घरी आल्या, नाकाला मिनिटाला एक लिटर ऑक्सिजन आणि वजन ५५.

डिस्चार्ज पेपरवर रिहॅबबद्दल, म्हणजे माणूस परत हिंडता-फिरता व्हावा म्हणून करायच्या उपचारांबद्दल, एक ओळ होती, चेस्ट फिजिओ चालू ठेवा, स्पायरोमीटर (श्वास ओढून बॉल उचलायचं साधन) करा, प्रोटीनयुक्त आहार घ्या. ज्या हॉस्पिटलनं माणूस अक्षरशः परत आणला त्याला नावं ठेवायची नाहीयेत मला, पण तीन जिने चढून घरी जायचंय आणि पायात उभं राहायची ताकद नाही हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. ॲम्ब्युलन्सच्या पोरांनी आणि मुलाच्या मित्रांनी खुर्चीत बसवून वर नेलं. त्यानंतर जवळजवळ महिनाभर काकू खाली उतरल्याच नाहीत.

मी गेले तेव्हा सगळं घर ऑक्सिमीटरकडे डोळे लावून बसलेलं. मुलानं नातेवाईकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता आणि दर तासाला त्यावर आकडा टाकायचा, ९५ ला हात जोडलेले इमोजी, ९३ झाला की साताऱ्याहून मावशीचा फोन. उशाशी ते तीन बॉलचं स्पायरोमीटर, काकू दोन बॉल उचलायच्या आणि तिसरा उठत नाही म्हणून रडायच्या. त्या खेळण्याला माझा विरोध नाही, खोल श्वास घ्यायची आठवण राहते त्यानं, पण तिसरा बॉल उठला म्हणजे आपण बरे झालो अशी जी परीक्षा लोक करून ठेवतात ना, तिला काही आधार नाही.

मी तपासलं हातापायांपासून. खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा, पाऊल, दोन्ही बाजूंची ताकद ० ते ५ मध्ये मोजायची आणि बेरीज करायची, ६० पैकी मार्क. ४८ च्या खाली आलं तर आयसीयूमध्ये आलेला अशक्तपणा धरतात, काकूंचे ४२ आले. खुर्चीतून एका मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं तेही पाहिलं, या वयाच्या धडधाकट बाईला पस्तीस-चाळीस वेळा जमतं, काकू सहाव्यांदा बसल्या त्या उठल्याच नाहीत, आणि थांबल्यावर ऑक्सिजन ८६ पर्यंत खाली आला. थांबल्यावर आला हे लक्षात घ्या, खाली जायचा आकडा बऱ्याचदा व्यायाम संपल्यानंतरच्या काही सेकंदांत येतो, म्हणून मशीन लगेच काढून ठेवायचं नाही, आणि बोटं गार असतील किंवा नेलपेंट असेल तर दिसेल त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. बसल्याजागी नाडी १०८. एवढी का, पायात गुठळी नाही ना, थायरॉईड कुठे आहे, हे आधी डॉक्टरांकडून बघून घेतलं, मग व्यायाम.

याउपर उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. बेशुद्धीत आणि पालथं असताना कोपराजवळ नस दबली की असं होतं. दुसऱ्या कुणाला हे किरकोळ वाटलं असतं, पण लाटणं धरणाऱ्या बाईला नाही. आवाज घोगरा, आणि चहा पिताना ठसका. त्या ठसक्याकडे घरात कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे म्हणाले छातीचा खोकला राहिलाय. दोन आठवड्यांच्या वर घशात नळी होती त्या माणसाला पातळ पदार्थ गिळताना ठसका लागला तर तो घशाचा प्रश्न धरायचा, छातीचा नाही, कारण पाणी श्वासनळीत उतरत राहिलं तर परत न्यूमोनिया. स्वॅलो थेरपिस्टला बोलावलं, तिनं पाणी-चहा चमच्यानं, पाठ ताठ ठेवून, हनुवटी छातीकडे घेऊन गिळायला शिकवलं, काही दिवस सगळं दाटसर, पेज, घट्ट ताक, वरण. तीन-चार आठवड्यांत ते सुधारलं. या सगळ्यात सगळ्यात स्वस्तात सुटलेला प्रश्न हाच, आणि जिवाला सगळ्यात जास्त धोका होता तोही यातच.

आता पायांचं. आयसीयूत माणूस नुसता झोपलेला असतो म्हणून स्नायू बारीक होतात एवढंच नाही, आजारातली सूज स्वतःच स्नायू खाते, त्यात स्टिरॉइड. २०१३ साली आलेल्या लंडनच्या एका अभ्यासात मांडीचा पुढचा स्नायू आयसीयूतल्या पहिल्या दहा दिवसांत सरासरी १७-१८ टक्के कमी झालेला सापडला होता. आणि टोरांटोच्या डॉक्टरांनी एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा पाठपुरावा २००३ मध्ये छापला, त्यात वर्षभरानं फुप्फुसं बऱ्यापैकी नॉर्मलच्या जवळ आलेली पण सहा मिनिटांत चालायचं अंतर अपेक्षेच्या ६६ टक्केच, आणि जेमतेम निम्मे लोक कामावर परतलेले. मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आम्ही एवढे दिवस भलत्याच ठिकाणी बघतोय." अगदीच भलतीकडे नाही, ऑक्सिजन बघायलाच हवा, पण धाप लागते त्यातला मोठा वाटा पायांचा होता. कमकुवत स्नायू थोड्या कामालाच थकतो, जास्त श्वास मागतो, छाती धापा टाकते आणि माणसाला वाटतं फुप्फुस गेलं.

व्यायाम असे होते की कुणी बघितलं तर म्हणेल याला काय पैसे घेता. खुर्चीवर दोन उश्या टाकून उंची वाढवली आणि पाच वेळा उठणं, मग दोन मिनिटं विश्रांती, परत पाच. ओट्याला धरून जागच्या जागी पावलं. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर-खाली. ऑक्सिजन व्यायामापुरता डॉक्टरांना विचारून दोन-तीन लिटरवर, ऑक्सिमीटरचा आकडा ८८ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, गेला की थांबा, ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडा, वर आला की परत सुरू. दम ० ते १० मध्ये स्वतः मोजायचा आणि ३-४ च्या आसपास राहायचं. काकू कायम "शून्य" म्हणायच्या, आणि ते म्हणताना वाक्य मधेच तोडून श्वास घ्यायच्या. वर्षानुवर्षं "मला काही होत नाही" म्हणायची सवय असलेल्या बायकांना दम मोजायला शिकवणं हा वेगळाच व्यायाम आहे.

ऑक्सिजनचं घरातलं प्रकरण मात्र ऐका, कारण इथे खरंच अपघात होऊ शकला असता. धंदा बंद ठेवणं परवडत नव्हतं म्हणून हाताखालची बाई दोन शेगड्यांवर पोळ्या करत होती, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात दार नाही, नुसती कमान, आणि कमानीशेजारीच काकूंचा पलंग, कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) आणि देवघर. देवघरात निरांजन, उदबत्ती. मुलगा म्हणाला ऑक्सिजन स्वतः पेटत नाही ना. नाही पेटत, पण कपडा, केस, प्लॅस्टिकची नळी भसकन पेटते त्याच्यामुळे. मशीन आतल्या खोलीत हलवलं, लांब नळी घेतली, गॅसपासून निदान तीन मीटर लांब राहायचं ठरवलं, निरांजनाच्या जागी छोटा इलेक्ट्रिक दिवा लावायला काकू दोन दिवस तयार नव्हत्या, मग झाल्या. नाक कोरडं पडतं म्हणून सोबतीला आलेल्या मावशी नाकात तूप आणि व्हॅसलीन लावत होत्या तेही बंद, तेलकट काहीच नाही, पाण्याचं जेल मिळतं ते. पाच लिटरचं मशीन दिवसभर चाललं तर सात-आठ युनिट वीज खातं, हे कुणीच आधी सांगत नाही आणि बिल आलं की घरात भांडण होतं. शिवाय पावसात लाइट जाणार, म्हणून एक छोटा सिलिंडर भरून ठेवायला लावला आणि मुलाला तो उघडायला शिकवला. फोडणीच्या आणि मिरचीच्या खाटानं खोकल्याची उबळ यायची, त्यावर एक्झॉस्ट फॅन, आणि ठेचा काही महिने शेजारच्या घरी.

जेवणावर माझे आणि मावशींचे कायम खटके. त्यांच्या मते आजारी माणसाला मऊ भात, नारळपाणी, दही नको कफ होतो, केळं नको, अंडं गरम पडतं. डाएटिशियननं हिशोब दिला होता किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ५५ किलोला सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या आसपास, आणि मऊ भात-नारळपाण्यावर पंधरा-वीसच्या पुढे जाणं कठीण. काकू अंडी खातात हे नशीब. दोन अंडी १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, मूठभर शेंगदाणे सात-आठ, घट्ट वरणाच्या वाट्या, दही, दूध, असं दिवसभरात थोडं थोडं सहा वेळा, कारण एकदम जेवलं की पोट फुगून धाप लागते. मावशींना एवढंच म्हटलं की दह्यानं कफ झाला तर मला सांगा, बंद करू. नाही झाला.

दोन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले आणि काकू व्यायाम सोडून त्यातच अडकल्या. मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी असे गळतात, परत येतात, हे आधी सांगून ठेवलेलं बरं असतं. झोपेचं मात्र जास्त गंभीर होतं. रात्री घाबरून उठायच्या, हातपाय बांधलेत, कुणीतरी विकायला नेतंय, आणि सतत ढोल वाजतायत. ढोल ऐकू येतात म्हणजे आपल्याला वेड लागलंय अशी त्यांची खात्री पटली होती आणि म्हणून दोन महिने त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. एकदा बोलता बोलता निघालं तेव्हा काका एकदम म्हणाले, "अगं ते खरेच होते, विसर्जनाची मिरवणूक हॉस्पिटलच्या खालून गेली, रात्रभर." मग आम्ही तिघांनी मिळून त्या दिवसांची वही केली, कोणत्या तारखेला काय झालं, पालथं कधी झोपवलं, हात का बांधले होते (नळी ओढू नये म्हणून), पहिल्यांदा डोळे कधी उघडले. परदेशात काही आयसीयूत नर्सच अशी डायरी ठेवतात. आपल्याकडे नातेवाईक बाहेरच्या बाकड्यावर बसलेले असतातच, त्यांनीच लिहून ठेवली तरी पुढे फार उपयोग होतो. वहीनंतर स्वप्नं कमी झाली, गेली नाहीत, मग सायकियाट्रिस्टकडे पाठवलं आणि तिकडे जाण्यावरून घरात जी कुजबुज झाली ती लिहीत नाही.

डोक्याचंही एक होतं. चाळीस-पन्नास गिऱ्हाइकांचे डबे, कुणाला लसूण चालत नाही, कुणाचे पैसे किती बाकी, सगळं काकूंच्या तोंडपाठ असायचं. आता दोन फोन लागोपाठ आले की पहिला विसरायच्या. मुलगा चिडायचा. २०१३ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात आयसीयूतून गेलेल्यांपैकी ४० टक्के जणांची विचार-स्मरणशक्ती तीन महिन्यांनी मेंदूला मध्यम मार लागलेल्या पेशंटएवढी खाली आढळली होती, त्यात तरुणही होते. मुलाला हे सांगितल्यावर तो गप्प झाला आणि भिंतीवर व्हाइटबोर्ड लावला. ऑर्डर फोनवर नाही, मेसेजवर. साधा उपाय, पण काकूंचा आत्मविश्वास त्यानंच परत यायला लागला, व्यायामानं नाही.

जिना. एका मजल्याला दोन वळणं, मधल्या चौकात जरा जागा. पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा खाली उतरायचं ठरलं तेव्हा प्रत्येक चौकात एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायला सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काढली, त्यांनी दिली आणि वर खुर्चीला कागदही चिकटवला, "खुर्ची पेशंटकरिता आहे. इतरांनी बसू नये, छत्र्या वाळत घालू नयेत." चढताना श्वास सोडत पाय टाकायचा, तीन पायऱ्या, थांबा, बोलत चढायचं नाही (हे शेजारणींना सांगावं लागलं). पार्किंगमध्ये सहा मिनिटांची चालण्याची टेस्ट घेतली. नियमानं सरळ ३० मीटर जागा लागते, आमच्याकडे गाड्या हलवून २० मिळाली, वळणं जास्त म्हणून अंतर कमी भरतं, त्यामुळे दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलना नाही, स्वतःचीच स्वतःशी. पहिल्यांदा दोन लिटर ऑक्सिजनवर २१० मीटर, ऑक्सिमीटरचा सर्वात कमी आकडा ८७. बाराव्या आठवड्यात ऑक्सिजनशिवाय ३७२, सर्वात कमी ९१. साधारण ३० मीटरचा फरक पेशंटला जाणवतो असं धरतात, त्यामुळे ही सुधारणा चांगलीच. एका मिनिटातलं उठणं-बसणं ६ वरून २२. स्नायूंचे मार्क ५६.

पण काकूंना मीटरशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं एकच, "अगं पोरी, मी लाटायला कधी लागू ते सांग." म्हणून पोळ्यांचीच टेस्ट केली. हात वर उचलून, आधाराशिवाय करायची कामं पायांच्या कामापेक्षा जास्त धाप लावतात, कारण खांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात तेच हातात गुंततात, आणि लाटणं म्हणजे नेमकं तेच, वर शेगडीचा ताप. पहिल्यांदा तीन पोळ्या झाल्या आणि दम ६ वर. ओटा त्यांना उंच पडत होता, खांदे कानाला लागायचे. मग पोळपाट खाली टेबलावर, काकू उंच स्टुलावर, कोपर शरीराजवळ, लाटणं पुढे ढकलताना श्वास सोडायचा. कणीक मळायला दुसरी बाई, भाजायलाही दुसरी. लाटण्याला जुनं कापड गुंडाळून मूठ जाड केली कारण दोन बोटांना पकड नव्हती. दहा पोळ्या, पाच मिनिटं हात मांडीवर, परत दहा. चौथ्या महिन्यात बसून एका बैठकीत चाळीस झाल्या.

पैशाबद्दलही लिहायला हवं. मेडिक्लेम हॉस्पिटलच्या बिलातच संपला. डिस्चार्जनंतरचा खर्च पॉलिसीप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांपर्यंत मिळतो असं असतं, पण त्यातही मर्यादा, आणि घरी येणाऱ्या फिजिओचं बिल धरतील की नाही ते पॉलिसी वाचल्याशिवाय सांगता येत नाही. मशीनचं भाडं, वीज, औषधं, थेरपिस्ट, आणि दुसऱ्या बाईचा पगार, वर कमावणारी बाईच पलंगावर. म्हणून मी येणं आठवड्यातून तीनदाचं एकदा केलं आणि बाकीचं मुलाला शिकवलं, तो व्हिडिओ काढून पाठवायचा. घरच्यांनी करायचे व्यायाम कमी आणि तेच तेच ठेवले तर होतात, बारा प्रकार लिहून दिले की कागद फ्रिजवर लागतो आणि तिथेच राहतो.

आत्ता सहावा महिना. सकाळचे डबे काकूंनी परत घेतले, संध्याकाळचे बंदच ठेवलेत, आणि डब्यामागे दर वाढवला, त्यावर तीन गिऱ्हाइकं गेली. मशीन परत केलं, पण छातीच्या डॉक्टरांनी चालवून बघून सांगितल्यावर, घरच्या आकड्यावरून नाही. स्टिरॉइडही त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवून बंद झालं, मनानं एकदम तोडलं नाही. तीन महिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये थोडे व्रण उरलेत, फुप्फुसातून ऑक्सिजन रक्तात किती जातो ती टेस्ट अजून कमी येते, परत करायचीय. करंगळीला मुंग्या आहेत, न्यूरोलॉजिस्टनं नसांची तपासणी सांगितलीय ती काका पगार झाल्यावर करणार. फ्लूची लस पावसाळ्याआधी घरातल्या चौघांनी घ्यायची ठरलंय, चौथ्या म्हणजे हाताखालच्या बाई, आणि तिचे पैसे कोण देणार यावर सध्या चर्चा चालू आहे.